एक काडी रेंज, तरी मेसेज जातो कसा? पंचबोलच्या हाकेपासून हरिसालपर्यंत

चिखलदऱ्याला गेलेल्या जवळपास प्रत्येकाने पंचबोल पॉइंटवर उभं राहून एकदा तरी हाक मारलेली असते. समोर दरी, पलीकडे डोंगराचे कडे. आवाज जातो, आदळतो, परत येतो, आणि पुन्हा पुन्हा येतो. पाच वेळा प्रतिध्वनी येतो म्हणून नाव पंचबोल. हाक मारून झाली की दुसरं काम म्हणजे सेल्फी, आणि ती लगेच स्टेटसला टाकायची धडपड. तेव्हा लक्षात येतं की वर रेंजची एकच काडी आहे. फोटोवरचं चक्र गोल गोल फिरत राहतं. पण 'पोचलो' एवढा मेसेज मात्र जातो.

आता उलटा अनुभव. रात्रीचे आठ, अकोल्यातला भर बाजार. फोनवर सगळ्या काड्या उभ्या, तरी रील पाच सेकंद चालते आणि दहा सेकंद थांबते.

एका काडीवर काम होतं आणि पूर्ण काड्यांवर अडतं, असं कसं? याचं उत्तर फोनच्या आत एका छोट्या चिपमध्ये आहे. ही चिप सेकंदाला कोट्यवधी गणितं करते आणि अँटेनावर पडलेल्या कुजबुजीतून शब्द वेचून काढते. या सगळ्या गणिताला मिळून 'सिग्नल प्रोसेसिंग' म्हणतात. नाव जड असलं तरी मागच्या कल्पना वऱ्हाडातल्या वावरात, बाजार समितीत आणि दहावीच्या पुस्तकात सापडतील अशा आहेत.

काडी नेमकं काय मोजते?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. काड्यांना ठरलेलं माप नाही. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. त्यामुळे एकाच पारावर बसलेल्या दोघांच्या फोनमध्ये वेगवेगळ्या काड्या दिसू शकतात.

खरा आकडा बघायचा असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'सिम स्टेटस' उघडा. तिथे 'उणे ८५ डीबीएम' किंवा 'उणे ११० डीबीएम' असं काहीतरी लिहिलेलं असतं. आकड्यापुढे उणे चिन्ह असल्याने उणे ८५ चांगलं आणि उणे ११० कमजोर. दर दहा डीबीएमला सिग्नल दहापट घटतो. उणे ११० म्हणजे किती? एका वॅटचे शंभर लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग. एवढ्याशा ऊर्जेवर ४जी फोन काम करतो.

पण आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो आजूबाजूच्या गोंगाटातून वेगळा ऐकू येतो का, हे महत्त्वाचं. शांत रात्री वावरात दूरवरची हाकही ऐकू येते. यात्रेत शेजारच्याचं बोलणं कळत नाही. फोनच्या आतही गोंगाट असतो. उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सतत हलत असतात आणि त्यांची खरखर सिग्नलमध्ये मिसळते. अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हात ही खरखर वाढते का? वाढते, पण २० अंशांच्या तुलनेत जेमतेम आठ-नऊ टक्के. तेव्हा मे महिन्यात नेट अडलं तर त्याचा दोष उन्हाला देता येणार नाही.

४जीच्या एका अरुंद पट्टीत ही खरखर, फोनच्या स्वतःच्या उणिवा धरून, साधारण उणे १२५ डीबीएमच्या आसपास असते. म्हणजे उणे ११० ला हाक गोंगाटाच्या तीसपट मोठी असते, उणे १२० ला फक्त तिप्पट. बाजारात मात्र फोनच्या स्वतःच्या खरखरीचा फारसा प्रश्न नसतो. तिथे शेजारच्या टॉवरचे सिग्नल एकमेकांत घुसतात, आणि एकाच टॉवरची क्षमता शेकडो लोकांत वाटली जाते. काड्या मोठा आवाज दाखवतात, गर्दी दाखवत नाहीत.

१९४८ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने या सगळ्याची हद्द एका सूत्रात बांधली. पट्टा किती रुंद आहे आणि हाक गोंगाटाच्या किती पट आहे, या दोन गोष्टी कळल्या की त्यातून जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक पाठवता येईल, हे ठरतं. १० मेगाहर्ट्झचा पट्टा आणि तीसपट हाक असेल तर कमाल सुमारे ५० मेगाबिट प्रति सेकंद. तिप्पट हाक असेल तर सुमारे २०. सूत्रातली गंमत पुढे आहे. हाक गोंगाटाच्या एक दशांश असली, म्हणजे गोंगाटच दहापट मोठा असला, तरी उत्तर शून्य येत नाही. सव्वा-दीड मेगाबिट शिल्लक राहतं. अट एकच: बोलणं सावकाश आणि शहाणपणाने व्हायला हवं.

लांबच्या माणसाशी आपण असंच बोलतो. दोन धुऱ्यांपलीकडच्या माणसाला कोणी अख्खी गोष्ट सांगत नाही. 'ओऽऽ भाऊऽऽ, पाऽऽणी सोऽऽड' एवढंच, लांबवून. जवळ आला की मग घडाघडा. टॉवरही हेच करतो. सिग्नल चांगला असेल तर लहरीच्या एका झटक्यात सहा किंवा आठ बिट भरतो. बिघडला की चार, मग दोन. फोन टॉवरला दर काही मिलिसेकंदांनी कळवत असतो की आत्ता कितपत ऐकू येतंय, आणि त्यानुसार वेग बदलत राहतो. 'पोचलो' हा मेसेज काही शे बाइटचा. फोटो दाबून लहान केला तरी त्याच्या हजारपट. सावकाश बोलून पहिला लगेच संपतो, दुसरा फिरत बसतो.

पाच प्रतिध्वनी आणि एक वाक्य

पंचबोलवर एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे. एकच शब्द ओरडला तर प्रतिध्वनी छान सुटे ऐकू येतात. पण न थांबता लांबलचक वाक्य म्हटलं, तर पहिल्या शब्दाचा प्रतिध्वनी चौथ्या शब्दावर येऊन पडतो आणि नुसता कालवा होतो.

रेडिओ लहरींचं तेच होतं. टॉवरवरून निघालेली लहर फोनकडे एकाच वाटेने येत नाही. एक सरळ येते, एक कड्यावर आपटून, एक पाण्याच्या टाकीवरून, एक समोरच्या इमारतीवरून. लहरींचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे ३०० मीटरचा फेरा पडला की एक मायक्रोसेकंद उशीर. ऐकायला हा उशीर किरकोळ वाटतो. पण सेकंदाला एक कोटी बिट सरळ एकापाठोपाठ, एका झटक्यात दोन-दोन पाठवायचे ठरवले, तर एका झटक्याला ०.२ मायक्रोसेकंद मिळतात. मग १२०० मीटरचा फेरा घेऊन आलेला प्रतिध्वनी वीस झटके उशिरा येतो आणि त्या वेळी चालू असलेल्या झटक्यावर बसतो.

जुन्या २जी फोनने यावर एक उपाय केला होता. प्रत्येक छोट्या तुकड्याच्या मधोमध २६ बिटांचा एक ठरलेला मजकूर पाठवायचा, जो फोनला आधीच माहीत असतो. तो मजकूर जसा विद्रूप होऊन आला, त्यावरून फोन ओळखायचा की या क्षणी प्रतिध्वनी कुठून, किती उशिरा येताहेत. मग उरलेल्या मजकुरातून ते वजा करायचे. पंचबोलवर आधी 'ओ' म्हणून बघावं, कडे कसे बोलतात ते समजून घ्यावं आणि मग वाक्य म्हणावं, तसं.

वेग वाढला तसं हे वजाबाकीचं गणित अवाढव्य झालं. ४जी आणि ५जीने मग वेगळी वाट धरली. तिचं नाव ओएफडीएम. एका लहरीवर घाईघाईने बोलण्याऐवजी शेकडो बारीक लहरी एकाच वेळी सोडायच्या आणि प्रत्येकीवर अगदी सावकाश बोलायचं. ४जीच्या १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशा ६०० लहरी असतात, एकमेकींपासून १५ किलोहर्ट्झ अंतरावर. प्रत्येक झटका ६६.७ मायक्रोसेकंद टिकतो. आधीच्या ०.२ च्या तुलनेत तीनशेपटीहून जास्त सावकाश. शिवाय प्रत्येक झटक्याआधी ४.७ मायक्रोसेकंदांची मोकळीक ठेवतात. तेवढ्यात आधीच्या झटक्याचे प्रतिध्वनी विरून जातात. ४.७ मायक्रोसेकंद म्हणजे १४०० मीटरचा फेरा. त्यापेक्षा लांबून येणारे प्रतिध्वनी सहसा इतके क्षीण असतात की फार बिघडवत नाहीत. डोंगराळ भागासाठी हीच मोकळीक १६.७ मायक्रोसेकंदांपर्यंत, म्हणजे पाच किलोमीटरच्या फेऱ्यापर्यंत वाढवायची सोयही ४जीच्या नियमांत आहे.

सहाशे लहरी एकत्र सोडल्या तर वेगळ्या कशा करायच्या? त्यासाठी 'फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म' नावाची रीत वापरतात. तिची आजची ओळखीची मांडणी १९६५ मध्ये जेम्स कूली आणि जॉन ट्यूकी यांनी प्रसिद्ध केली. भजनात पेटी, मृदंग, टाळ आणि गळा एकत्र कानावर पडतात, तरी कान त्यांना वेगवेगळं ओळखतो. हे गणित तेच काम आकड्यांत करतं, आणि खिशातला फोन ते सेकंदाला हजारो वेळा करतो. ही रीत नसती तर ४जी कागदावरच राहिलं असतं.

प्रतिध्वनींची आणखी एक खोड सगळ्यांना ठाऊक आहे, पण कारण ठाऊक नसतं. दोन वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी एकमेकींना पुसून टाकतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर. त्यामुळे जोराची जागा आणि मुकी जागा यांत कधी कधी फक्त वीतभराहून कमी, आठेक सेंटिमीटरचं अंतर असतं. 'जरा खिडकीकडे सरक, आवाज कटून राह्यला' हा सल्ला म्हणूनच बरोबर असतो. फक्त तीन पावलं सरकायची गरज नसते, कधी चार बोटंही पुरतात.

हेच गाडीत काय होत असेल? अमरावती ते अकोला मार्गावर लोणी ते माना या टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला होता. त्या गुळगुळीत रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने जाताना गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर पुढे सरकते. म्हणजे फोन सेकंदाला तीनशेहून जास्त वेळा जोराच्या आणि मुक्या जागा ओलांडू शकतो. कड्यांचा स्वभाव ओळखावा तोवर कडेच बदललेले. म्हणून ४जीच्या लहरींत थोड्या थोड्या अंतरावर ओळखीच्या खुणा पेरलेल्या असतात आणि फोन दर मिलिसेकंदाला नव्याने अंदाज बांधतो. मूर्तिजापूरजवळ धावत्या गाडीत व्हिडिओ कॉल तुटत नाही, तेव्हा हे सगळं सुरू असतं.

काटापट्टी, तूर आणि रोही

इतकं करूनही काही बिट चुकीचे येतातच. चूक झाली हे कळणार कसं आणि दुरुस्त होणार कशी?

अकोल्याच्या बाजार समितीत तूर विकून आलेल्या शेतकऱ्याच्या हातातली काटापट्टी आठवा. चार कट्ट्यांची वजनं आणि खाली बेरीज. समजा वजनं ५२, ४९, ५१ आणि ५०, बेरीज २०२. पावसात चिठ्ठी भिजली आणि तिसरा आकडा पुसला. तरी बेरजेतून बाकीचे तीन वजा केले की ५१ परत मिळतो. बेरीज ही तशी जास्तीची माहिती, चिठ्ठीवर जागा खाणारी. पण तीच पुसलेला आकडा परत देते.

मोबाईलमध्ये अशा बेरजा हजारोंनी, एकमेकींत गुंफून लावतात. त्याला चूक-दुरुस्ती कोड म्हणतात. कमजोर रेंजमध्ये मूळ मजकुराच्या दुप्पट-तिप्पट मजकूर फक्त दुरुस्तीसाठी जातो. म्हणूनही वेग घटतो. १९९३ मध्ये फ्रान्समध्ये क्लोद बेरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'टर्बो कोड' मांडले. शॅननच्या हद्दीच्या इतक्या जवळ जाता येतं, यावर तेव्हा जाणकारांचाही विश्वास बसला नव्हता. ३जी आणि ४जी त्यावर चाललं. ५जीमध्ये डेटासाठी 'एलडीपीसी' कोड आले. ते रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच शोधले होते, पण ते चालवायची ताकद तेव्हाच्या संगणकांत नव्हती म्हणून तीसेक वर्षं अडगळीत पडले होते.

या कोडना एक गोष्ट मानवत नाही. चुका एकाच ठिकाणी घाऊक झाल्या तर बेरीजही हतबल होते. काटापट्टीवरचे सलग तीन आकडे पुसले तर काय करणार? त्यावरचा उपाय वऱ्हाडातला शेतकरी ओळखेल. कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ घेतात. तूर सगळी एका कोपऱ्यात असली आणि रोह्यांचा कळप त्याच कोपऱ्यात घुसला, तर तूर संपली. ओळींमध्ये विखुरलेली असली तर थोडी जाते, बाकीची हाती लागते. मोबाईलही पाठवण्याआधी बिट असेच विखरून टाकतो आणि पलीकडे परत जागेवर लावतो. मुक्या जागेने सलग शंभर बिट खाल्ले, तरी मूळ मजकुरात ती नासधूस एकेक-दोनदोन बिटांची होते. मग बेरजा त्यांना सावरून घेतात.

तरीही जमलं नाही तर फोन टॉवरला सांगतो, पुन्हा पाठव. यातही एक हुशारी आहे. आधी आलेली बिघडलेली प्रत तो फेकून देत नाही. दुसरी प्रत आली की दोन्ही एकमेकींवर ठेवून बेरीज करतो. मजकूर दोन्हींत सारखाच असल्याने तो ठळक होतो. गोंगाट मात्र दर वेळी वेगळा असल्याने अंशतः कटत जातो. हाक आणि गोंगाट यांचं प्रमाण दुप्पट होतं. ४जीमध्ये ही पुन्हा पाठवण्याची फेरी साधारण ८ मिलिसेकंदांत होते, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मातीतला ओलावा मोजणाऱ्या यंत्रांसारख्या सावकाश उपकरणांसाठी असलेल्या 'एनबी-आयओटी' तंत्रात तर हाच मजकूर गरज पडल्यास २०४८ वेळा पाठवायची मुभा आहे.

शत्रू कामाला लागला

प्रतिध्वनी म्हणजे कटकट, हे दशकानुदशकं सगळेच मानत होते. १९९० च्या दशकात दोन भारतीयांनी हे चित्र उलटं केलं. त्यातले एक आरोग्यस्वामी पॉलराज. भारतीय नौदलातले अधिकारी. १९७१ च्या युद्धात 'आयएनएस खुकरी' बुडाल्यानंतर पाणबुड्या हुडकणारी सोनार यंत्रणा सुधारायच्या कामात ते होते, आणि पुढे 'अप्सो' ही भारतीय सोनार यंत्रणा त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. समुद्रातल्या प्रतिध्वनींशी झुंजलेला हा माणूस नौदलातून निवृत्त होऊन अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात गेला. तिथे त्यांच्या सोबत होते थॉमस कैलथ. जन्म पुण्याचा, १९५६ ची अभियांत्रिकीची पदवीही पुणे विद्यापीठाची. या दोघांच्या नावावर १९९४ मध्ये जे पेटंट मिळालं, ते 'मायमो' तंत्राच्या पायाचं मानलं जातं.

कल्पना दहावीतल्या एकसामयिक समीकरणांची आहे. टॉवरच्या दोन अँटेना एकाच वेळी, एकाच पट्ट्यावर दोन वेगळे आकडे पाठवतात. ते आकडे क्ष आणि य समजा. फोनलाही दोन अँटेना आहेत. पहिलीवर दोन्हींची सरमिसळ येते: ३क्ष + य = ११. दुसरीवर वेगळी सरमिसळ: क्ष + २य = ७. सोडवा. क्ष ३, य २. एकाच पट्ट्यावर दुप्पट माहिती गेली, जास्तीचा स्पेक्ट्रम लागला नाही. ३, १, १ आणि २ हे सहगुणक फोनला कुठून कळले? मघाच्या ओळखीच्या खुणांवरून.

पण दोन्ही समीकरणं सारखीच निघाली तर उत्तर मिळत नाही, हे दहावीतही शिकवतात. समीकरणं वेगळी निघायला लहरी वेगवेगळ्या वाटांनी आल्या पाहिजेत, म्हणजे आजूबाजूला भिंती, इमारती, कडे हवेत. प्रतिध्वनी आता फायद्याचे झाले. दाटीवाटीच्या अकोल्यात मायमो छान चालतं. दर्यापूरच्या बाजूच्या सपाट, उघड्या वावरात समीकरणं एकमेकांसारखी होऊ लागतात. म्हणून टॉवरवरच्या अँटेनांच्या आत दोन तिरप्या दिशांना लहरी सोडायची सोय केलेली असते, म्हणजे निदान दोन प्रवाह तरी वेगळे राहतात.

मग मेळघाटात अडतं कुठे?

इतकं सगळं गणित असताना धारणी, चिखलदरा तालुक्यांतल्या पाड्यांवर माणसं रेंजसाठी टेकडी का चढतात? कारण गणित कुजबूज मोठी करू शकतं, पण कुजबूज आधी पोचायला हवी. मध्ये सातपुड्याची एक धार आली की लहर अडते. सागाचं जंगल आलं की पानं लहर शोषतात, आणि पावसाळ्यात ओली, भरगच्च पानं जास्तच शोषतात. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो तेव्हा तोच टॉवर जरा बरा वाटू शकतो.

पट्टा कोणता, यावरही पुष्कळ ठरतं. २३०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत ७०० मेगाहर्ट्झची लहर, बाकी सगळं सारखं धरलं तर, तेवढ्याच अंतरावर सुमारे अकरापट जास्त ताकदीने पोचते. शिवाय डोंगराच्या धारेवरून वळून पलीकडे उतरायची तिची तयारीही जास्त.

याच विचारातून मेळघाटात एक गाजलेला प्रयोग झाला. परतवाडा–सेमाडोह–धारणी रस्त्यावरचं हरिसाल हे गाव २०१६ च्या सुमारास राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी राज्यातलं पहिलं 'डिजिटल गाव' म्हणून हाती घेतलं. तिथे इंटरनेट नेण्यासाठी पुढे आलेलं तंत्र होतं 'टीव्ही व्हाइट स्पेस'. टीव्हीसाठी राखलेल्या पण न वापरल्या जाणाऱ्या वाहिन्यांच्या मोकळ्या जागेतून इंटरनेट पाठवायचं. भारतात ही जागा ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमध्ये आहे, आणि तिथे मुख्य वापर एकट्या दूरदर्शनचा. आयआयटी मुंबईच्या अभ्यासात दिसलं होतं की या पट्ट्यातल्या १५ पैकी किमान १२ वाहिन्या देशात जवळपास सगळीकडे रिकाम्या आहेत. प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत हे तंत्र उभारून चालवूनही दाखवलं. पुढे त्यांच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं.

हरिसाल मात्र सोशल मीडियावर वेगळ्याच कारणाने पोचलं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत सभांमध्ये हरिसालच्या डिजिटल असण्यावर प्रश्न उभे केले. सत्ताधाऱ्यांनी त्याला उत्तरं दिली. त्या धुरळ्यात तंत्राचा प्रश्न मागे पडला. व्हाइट स्पेसची लहर जंगलातून पुढे जाते हे भौतिकशास्त्र खरं आहे. पण ती गावापर्यंत आणायला एका टोकाला फायबर किंवा मायक्रोवेव्ह दुवा लागतो, दोन्ही टोकांना अखंड वीज लागते, दुरुस्तीला माणूस लागतो. शिवाय या पट्ट्यात चालणारी उपकरणं आणि ती वापरायची नियमित परवानगी, दोन्ही सहज मिळणारी नाहीत. बाजारातला साधा फोन ही लहर थेट ऐकत नाही. गावात पोचल्यावर तिचं वाय-फाय करावं लागतं. यातली एक कडी निखळली की डिजिटल गाव पुन्हा टेकडीवर.

त्यानंतरचा मार्ग साध्या मोबाईल टॉवरचा आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. काम बीएसएनएलकडे. यंत्रणा देशात बनवलेली: गाभा सी-डॉटचा, रेडिओ तेजसचा, जुळणी टीसीएसची. २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडा इथून या स्वदेशी ४जीचं उद्घाटन झालं, तेव्हा देशभरात ९७,५०० हून जास्त टॉवर झाल्याचं जाहीर करण्यात आलं. बीएसएनएलच्या ४जीमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही आहे, आणि मेळघाटासारख्या ठिकाणी तोच कामाचा. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत टॉवर उभारायचा म्हटलं की वनखात्याची परवानगी, वीज आणि रस्ता हे तीन प्रश्न उरतातच.

आरोग्य केंद्रातून रुग्णवाहिका बोलावणं, रेशनच्या मशीनवर अंगठा उमटणं, अंगणवाडीतल्या मुलांची वजनं अ‍ॅपवर भरणं, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा फवारणीचा सल्ला वेळेत हाती पडणं, ही सगळी कामं आता याच एका काडीवर टांगलेली आहेत.

काडी दिसते, पण फोन लागत नाही

ही तक्रार मेळघाटात नेहमीची, आणि तिच्यात तथ्य आहे. टॉवर २०-४० वॅटने बोलतो. फोनची कमाल ताकद ०.२ वॅट, म्हणजे टॉवरच्या शंभर-दोनशे पटींनी कमी. काडी सांगते की टॉवरचं बोलणं फोनला ऐकू येतंय. फोनचं बोलणं टॉवरला ऐकू जातंय का, ते काडी सांगत नाही. टॉवरवरच्या मोठ्या अँटेना ही तफावत बरीच भरून काढतात, पण हद्दीवर ती उघडी पडते. अशा जागी फोन सतत कमाल ताकदीने ओरडत असतो, म्हणून जंगलात बॅटरीही लवकर उतरते.

अशा ठिकाणी व्हॉइस नोटपेक्षा लिहिलेला मेसेज पाठवावा. मोठं काम असेल तर साधा एसएमएस जास्त भरवशाचा, तो डेटा नसतानाही जातो. फोन मुठीत आवळून धरू नये, हातही लहर अडवतो. टॉवर कुठल्या बाजूला आहे ते माहीत असेल तर मध्ये घराची भिंत येणार नाही असं उभं राहावं. आणि पडद्यावर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसत असेल, तर याचा अर्थ तुमच्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचा टॉवर फोनला ऐकू येतोय. तेव्हा ११२ लावावा. तो कॉल कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून जातो.